एकादशी आणि इन्सुलिन

“आज एकादशी. पोटात अन्नाचा कण जावयाचा नाही. मग इन्सुलिन तरी कशासाठी टोचून घ्यावयाचे?” मधुमेही माणूस ज्या घरात आहे तेथे हा प्रश्न कधी ना कधी निघतोच, आणि तो दिसावयास अगदी बिनतोड दिसतो. अन्नाने रक्तातील साखर वाढते. इन्सुलिनने ती उतरते. अन्नच नाही तर औषधही नको. भूमितीतील एखाद्या प्रमेयासारखे हे सारे सरळ वाटते. परंतु या प्रमेयाचे पहिले गृहीतच अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणापायी चांगली हिंडती-फिरती माणसे, विशेषतः लहान मुले, दोन दिवसांत अत्यवस्थ होऊन इस्पितळात दाखल होतात. हे गृहीत नेमके कोठे अडते ते आपण पाहू.

विद्यार्थी मित्रहो, आरंभी थोडे गणित करावयाचे आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 5 लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या 100 मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी 70 ते 100 मिलिग्रॅम ग्लुकोज असते. हिशेबास सोपे जावे म्हणून 100 धरू. 5 लिटर म्हणजे 100 मिलिलिटरचे 50 भाग. प्रत्येक भागात 100 मिलिग्रॅम, म्हणजे एकूण 5000 मिलिग्रॅम, अर्थात 5 ग्रॅम. चहाचा एक लहान चमचा भरेल एवढीच साखर आपल्या साऱ्या रक्तात मिळून असते! आता दुसरी बाजू पाहा. आपला मेंदू एकटाच दिवसाकाठी 100 ते 120 ग्रॅम ग्लुकोज खर्च करतो. तेव्हा ही चमचाभर साखर मेंदूस फार तर तासभर पुरेल. रात्री आठला जेवून सकाळी सहाला उठणारा माणूस मधल्या काळात मरून कसा पडत नाही?

त्याचे उत्तर यकृतात आहे. दिवसा जेवणातून आलेल्या साखरेपैकी काही भाग यकृत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवते आणि पोट रिकामे झाले की तीच साखर थेंबाथेंबाने रक्तात सोडू लागते. साठा सरत आला म्हणजे ते स्नायूंतील प्रथिनांच्या घटकांपासून नवी साखरही तयार करते. रात्रभराच्या उपवासानंतर हा वेग दर किलो वजनामागे दर मिनिटास सुमारे 2 मिलिग्रॅम असतो. 60 किलो वजनाच्या माणसाचे यकृत मिनिटाला 120 मिलिग्रॅम, तासाला 7.2 ग्रॅम आणि आठ तासांच्या झोपेत सुमारे 58 ग्रॅम साखर रक्तात ओतते. ही झाली साडेअकरा चमचे! घरात सर्व निजलेले, चूल विझलेली, आणि शरीरात मात्र साखरेचा हा कारखाना अखंड चालू.

हा पुरवठा गरजेपुरताच राहावा याची व्यवस्था इन्सुलिनकडे असते. भालकी तालुक्यातील कारंजा धरण तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. धरणाचे दार किती उघडावे हे ठरविणारा माणूस तेथे नसेल तर काय होईल याची कल्पना करा. पाऊस न पडताही खालची शेते बुडतील. यकृताच्या दारावर इन्सुलिन असे उभे आहे. ते रक्तात थोडे थोडे सतत असले म्हणजे यकृताचे दार बेताने उघडे राहते. ते अजिबात नाहीसे झाले की दार सताड उघडते. अन्नाचा कण पोटात नसताना रक्तातील साखर 300, 400 अशी चढत जाते. त्याबरोबर चरबीही वितळू लागते, तीपासून कीटोन नावाची आम्ले बनतात, आणि रक्त आम्लयुक्त होऊ लागते. तहान, उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासाला पिकल्या फळासारखा वास ही त्याची लक्षणे होत. वेळीच इन्सुलिन आणि शिरेतून सलाईन मिळाले नाही तर माणूस दगावतो.

म्हणजे निरोगी माणसाचे स्वादुपिंड दोन कामे करते. जेवणानंतर ते इन्सुलिनचा मोठा लोट सोडते. आणि जेवण असो नसो, चोवीस तास मंद झरा चालू ठेवते. दिवसभरात स्रवणाऱ्या इन्सुलिनपैकी साधारण निम्मे या मंद झऱ्याचे असते. दीर्घकाळ टिकणारे म्हणून जे इन्सुलिन डॉक्टर रोज एकदा टोचावयास सांगतात, ते या झऱ्याची जागा घेण्यासाठी असते. जेवणाशी त्याचा संबंध नाही. एकादशीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आले. पण ते कृतीत कसे आणावयाचे हे समजण्यास आणखी काही गोष्टी माहीत असाव्या लागतात.

मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करते. हा प्रकार बहुधा बालपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, आणि त्यात इन्सुलिन हे अन्नपाण्याइतकेच आवश्यक असते. मूल सारखे पाणी पिऊ लागले, वारंवार लघवीस जाऊ लागले, पूर्वी बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, खात असूनही वाळत चालले, तर त्याची रक्तशर्करा त्याच दिवशी तपासून घ्यावी. ‘पोट बिघडले असेल’ असे म्हणून आठवडा घालवू नये. दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन तयार होते, पण ते अपुरे पडते किंवा शरीर त्यास दाद देत नाही. हा प्रकार प्रौढांत अधिक, आणि त्यात पुष्कळ वर्षे गोळ्यांवर काम भागते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर असल्याचा अंदाज देण्यात आला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘बारीक माणसाला मधुमेह होत नाही’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंची व वजन यांवरून काढलेला देहनिर्देशांक दोघांचाही 22.3, म्हणजे दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबीचे प्रमाण इंग्रज डॉक्टरांचे 9.1 टक्के, तर पुण्याच्या डॉक्टरांचे 21.2 टक्के! त्यांच्याच पथकाने पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या पाहणीत हीच गोष्ट नवजात बालकांतही दिसून आली: वजन कमी, पण चरबी त्या मानाने जास्त. काटक दिसणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी हा रोग कसा शिरतो याचा थोडा उलगडा यावरून होतो.

आता इन्सुलिनच्या इतिहासाकडे वळू. त्यातील फक्त तेवढाच भाग सांगतो, जो आपल्या प्रश्नास उपयोगी आहे.

रोग फार जुना आहे. आपल्या प्राचीन वैद्यांनी त्याच्या एका भेदास ‘इक्षुमेह’ म्हटले. इक्षु म्हणजे ऊस. उसाचा पट्टा जवळ असलेल्या आपल्या लोकांस हा शब्द चटकन समजावा. रक्तातील साखर साधारण 180 च्या वर गेली म्हणजे मूत्रपिंडास ती अडविता येत नाही, ती लघवीतून बाहेर पडते आणि लघवीस मुंग्या लागतात. निरीक्षण अचूक होते. उपाय मात्र विसाव्या शतकापर्यंत कोणापाशीच नव्हता. पाश्चात्त्य डॉक्टर अशा मुलांस जवळजवळ उपाशी ठेवीत, कारण त्यामुळे मृत्यू काही महिने पुढे ढकलला जाई. 1921 साली कॅनडातील टोरोंटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी, प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, कुत्र्याच्या स्वादुपिंडातून हा अर्क मिळविला. 11 जानेवारी 1922 रोजी लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलास तो प्रथम टोचला गेला. अर्क अशुद्ध होता, म्हणून फारसा गुण आला नाही. मग जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने तो शुद्ध केला, आणि 23 जानेवारीस दुसऱ्यांदा टोचताच त्या मुलाची साखर उतरली. तो पुढे तेरा वर्षे जगला. बँटिंग यांचा जन्मदिवस 14 नोव्हेंबर हा जगभर मधुमेह दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन असतो, हा एक सुंदर योगायोग होय.

परंतु त्या पहिल्या इन्सुलिनमध्ये एक मोठी उणीव होती. त्याचा प्रभाव सहा-आठ तासांत संपे. दिवसातून तीन-चार वेळा सुई टोचावी लागे, आणि रात्रीचा तो मंद झरा राखण्यासाठी निजलेल्या मुलास उठवूनही टोचावे लागे. या अडचणीवर पहिला तोडगा 1936 साली डेन्मार्कमधील हान्स हागेडॉर्न यांनी काढला. ट्राउट जातीच्या माशापासून मिळणारे प्रोटामीन नावाचे प्रथिन इन्सुलिनशी मिसळले की ते त्वचेखाली सावकाश विरघळते, असे त्यांना आढळले. त्याच पद्धतीतून 1946 साली तयार झालेले एन.पी.एच. इन्सुलिन आजही सरकारी दवाखान्यांत मिळते. ते दुधासारखे गढूळ असते. टोचण्यापूर्वी कुपी दोन तळहातांत हलकेच फिरवून ते सारखे करून घ्यावे लागते. त्याचा जोर टोचल्यानंतर चार ते दहा तासांनी सर्वांत अधिक असतो. म्हणून रात्री जेवणाच्या वेळी ते टोचणाऱ्यास मध्यरात्रीनंतर साखर एकदम उतरण्याचा धोका असतो.

2000 साली अमेरिकेत व युरोपात मान्य झालेले ग्लार्जिन हे इन्सुलिन याहून निराळ्या युक्तीवर चालते, आणि ती युक्ती शालेय रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांस समजण्याजोगी आहे. इन्सुलिनचा रेणू 51 अमिनो आम्लांचा असतो. एका साखळीत 21, दुसरीत 30. त्यांचा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी 1955 पर्यंत पूर्ण उलगडला आणि त्याबद्दल त्यांना 1958 चे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्लार्जिन करताना पहिल्या साखळीच्या शेवटचे एक अमिनो आम्ल बदलले आणि दुसरीच्या शेवटी दोन नवी जोडली. या तीन फेरफारांमुळे असे झाले की आम्ल द्रवात ते सहज विरघळते, पण उदासीन द्रवात त्याचा साका होतो. कुपीतील द्रवाचा पीएच सुमारे 4, म्हणजे आम्ल. म्हणून ते पाण्यासारखे स्वच्छ दिसते. आपल्या त्वचेखालचा पीएच सुमारे 7.4. तेथे पोहोचताच त्याचे सूक्ष्म कण बनून ते तेथेच बसते, आणि त्या ठेव्यातून कण कण सुटत जवळजवळ चोवीस तास रक्तात जात राहते. झराच जणू!

या रसायनशास्त्रातून तीन नियम आपोआप निघतात. ग्लार्जिन दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळू नये, कारण आम्लता बदलली की सारी युक्ती फसते. ते गढूळ दिसले तर वापरू नये, एन.पी.एच.च्या अगदी उलट. आणि ते रोज ठराविक वेळीच घ्यावे, नाही तर एका दिवसाचा झरा आटून दुसऱ्याचा सुरू होण्यात खंड पडतो. एखाद्या दिवशी डोस राहिला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घेणे हे मात्र केव्हाही करू नये.

हे औषध आता आपल्या देशातही तयार होते. 2003 साली वोखार्ट या कंपनीने तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात केलेले मानवी इन्सुलिन बाजारात आणले. 2004 साली बेंगळूरूच्या बायोकॉनने आणले. दोन्ही ठिकाणी किण्वाच्या, म्हणजे यीस्टच्या पेशींकडून ते करवून घेतात. आठवड्यातून एकदाच घ्यावयाच्या आयकोडेक नावाच्या इन्सुलिनला युरोपीय संघाने 2024 साली मान्यता दिली आहे.

असो. आता आपल्या एकादशीकडे या.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात दीर्घ इन्सुलिन कोणत्याही दिवशी बंद करावयाचे नाही; मग एकादशी असो, ताप असो, उलट्या असोत. जेवणाच्या वेळचे इन्सुलिन जेवण नसेल तर घ्यावयाचे नसते. झऱ्याचे मात्र घ्यावयाचेच. ताप आला म्हणजे उलट साखर वाढते, आणि ‘पोरगे काही खात नाही’ म्हणून इन्सुलिन थांबविणे हे कीटोनचे विष वाढविणे होय. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींस, विशेषतः जे त्याबरोबर साखर उतरविणाऱ्या गोळ्याही घेतात त्यांस, उपवासाच्या दिवशी डोस थोडा कमी करण्याची गरज पडू शकते. किती, हे ज्याचे त्याच्या डॉक्टरांनी आधी ठरवून द्यावयाचे. घरच्या घरी अंदाजाने ठरवावयाचे नाही.

आणि आपला उपवास म्हणजे तरी काय? साबूदाण्याची खिचडी! साबूदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च. भगर, बटाटा, रताळे यांतही स्टार्चच मुख्य. वाटीभर खिचडीने रक्तातील साखर जेवढी भरभर चढेल तेवढी ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि अंबाडीची भाजी यांच्या जेवणाने चढणार नाही. (अंबाडीस आपले कन्नड शेजारी पुंडी म्हणतात. नाव काहीही असो, भाजी गुणाची.) म्हणून मधुमेही माणसाने ‘मी उपाशी आहे’ असे मनाशी धरून साबूदाण्यावर ताव मारणे ही मोठीच फसगत आहे. भाकरीही साखरविरहित नाही, तिचेही मोजमाप ठेवावे लागते. आणि गूळ ‘नैसर्गिक’ म्हणून चालतो ही समजूत तर सपशेल खोटी आहे. गूळ ही साखरच.

याच्या उलट उदाहरण येळवशीचे. त्या दिवशी बीदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव या साऱ्या भागांत माणसे शेतात जाऊन जेवतात. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर, आग्रहावर आग्रह. मग कोणी सुज्ञ म्हणतो, “आज जेवण जड आहे, सकाळच्या इन्सुलिनमध्ये चार युनिट वाढवून घ्या.” हेही चूक. दीर्घ इन्सुलिनचे वाढविलेले चार युनिट खिरीच्या वेळी धावून येत नाहीत. ते चोवीस तासांत पसरतात, आणि त्यांचा परिणाम पहाटे तीनला, पोट रिकामे असताना, साखर घसरण्यात दिसू शकतो. एकादशीस बंद करणे आणि येळवशीस वाढविणे या दोन्ही चुका एकाच समजुतीतून येतात: हे इन्सुलिन जेवणासाठी आहे, ही ती समजूत.

आपल्या गावांत रमजानचे रोजे पाळणारी घरेही पुष्कळ. त्यांच्यापुढे प्रश्न अधिक कठीण असतो, कारण उपवास महिनाभर चालतो आणि दिवसा पाणीही वर्ज्य असते. आजारी माणसास त्या धर्मात रोजातून सूट आहे. तरीही ज्यास रोजा धरावयाचाच असेल त्याने महिनाभर आधी डॉक्टरांची भेट घेऊन इन्सुलिनची वेळ व मात्रा ठरवून घ्यावी. दिवसा साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर उपवास तेथेच सोडावा. हा नियम एकादशीलाही तसाच लागू आहे.

दीर्घ इन्सुलिनची मात्रा योग्य आहे की नाही हे कशावरून ओळखावे? यकृताचे काम रात्री उघडे दिसते, म्हणून सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी घेतलेल्या आकड्यावरून. उपचार चालू असलेल्या बहुतेक प्रौढांत तो 80 ते 130 च्या दरम्यान असावा, असे उद्दिष्ट ठेवतात. वृद्ध व लहान मुले यांच्या बाबतीत डॉक्टर ते थोडे सैल ठेवतात. एका सकाळच्या आकड्यावरून घाबरून मात्रा बदलू नये. डॉक्टर निदान तीन दिवसांचे आकडे पाहून बहुधा दोन-दोन युनिटांनी बदल करतात, कारण बदललेल्या मात्रेचा पुरता परिणाम दिसण्यास तेवढे दिवस लागतात. म्हणून वहीत रोज तारीख, वेळ, आकडा आणि आदल्या रात्रीचे जेवण लिहून ठेवावे. घरातील सातवी-आठवीचा विद्यार्थी हे काम उत्तम करू शकतो. आजोबांच्या आकड्यांचा आलेख काढला तर गणिताचा अभ्यासही होतो! सकाळचा आकडा चांगला, पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी ही तपासणी वाईट, असे झाले तर दोष झऱ्याचा नसून जेवणांनंतरचा आहे असे समजावे. अशा वेळी दीर्घ इन्सुलिन वाढवीत राहण्यात अर्थ नाही. बोटाचा थेंब घेण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावे. आंबा किंवा गूळ हाताळलेल्या बोटाचा थेंब यंत्रास फसवितो, आणि त्या खोट्या आकड्यावर कोणी इन्सुलिन वाढविले तर अनर्थ होतो.

आता एक उदाहरण सोडवा. आपल्या देशात साध्या मानवी इन्सुलिनच्या कुप्या बहुधा दर मिलिलिटरला 40 युनिटच्या असतात, आणि त्यांच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. ग्लार्जिन मात्र दर मिलिलिटरला 100 युनिटचे. त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. डॉक्टरांनी 20 युनिट ग्लार्जिन सांगितले आणि घरात लाल टोपणाची सिरिंज होती, तीच 20 च्या खुणेपर्यंत भरली, तर किती युनिट टोचले जातील? लाल सिरिंजवरील 20 ची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. अर्ध्या मिलिलिटर ग्लार्जिनमध्ये 50 युनिट. सांगितल्याच्या अडीचपट! आणि उलट चूक झाली, 40 चे इन्सुलिन नारिंगी सिरिंजमध्ये 20 पर्यंत भरले, तर फक्त 8 युनिट जातील. त्रैराशिकाचा एवढा मोलाचा उपयोग क्वचितच सापडेल. दुकानातून आणताना कुपीवरील आकडा आणि टोपणाचा रंग जुळवून पाहणे हे काम घरातील वाचता येणाऱ्या कोणीही करावे. सुई रोज त्याच जागी टोचू नये. तेथे गाठी धरतात आणि इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषले जाते.

वैशाखात आपल्याकडे पारा 40 अंशांवर जातो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावयाचे असते. उघडलेली ग्लार्जिनची कुपी 30 अंशांखाली 28 दिवस चालते. शीतकपाट नसेल तर मातीच्या भांड्याचा आधार घ्यावा. एका मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवून मधली जागा ओल्या वाळूने भरावी, आतल्या मडक्यात कुपी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावी, वर ओले फडके घालावे आणि सारे सावलीत, वाऱ्याच्या जागी ठेवावे. पाणी उडून जाताना उष्णता घेते, हा तुमच्या पुस्तकातील नियम येथे औषध राखतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या देशांतील अशी मातीची भांडी तपासली गेली, तेव्हा बाहेरच्या उष्म्यापेक्षा आत बराच गारवा राहतो असे दिसून आले. केनियातील दादाब येथील निर्वासितांच्या छावणीतल्या उष्णतेवरून जिनिव्हा विद्यापीठाने केलेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, 25 ते 37 अंशांत वरखाली होणाऱ्या तापमानातही काही प्रकारची इन्सुलिने चार आठवडे आपली शक्ती टिकवून होती. तेव्हा दोन तास वीज गेली म्हणून कुपी फेकून देऊ नये. उन्हाळ्यात मडके चांगले काम करते. पावसाळी दमट हवेत तेवढे करीत नाही. बर्फात किंवा शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यालगत कुपी कधीही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी निकामीच.

शेवटी शाळेतील गोष्ट. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले मूल आपल्या वर्गात असू शकते, आणि ते इतरांइतकेच धावू शकते, खेळू शकते, परीक्षा देऊ शकते. त्याला तासाच्या मध्ये पाणी पिण्यास, लघवीस जाण्यास आणि गरज पडल्यास खाण्यास मोकळीक असावी. वर्गात खाऊ नये हा नियम त्याला लावता येत नाही. खेळाच्या तासानंतर किंवा जेवण लांबल्यावर त्याची साखर 70 च्या खाली घसरू शकते. त्याला दरदरून घाम सुटतो, हात कापतात, भूक लागते, ते चिडते किंवा असंबद्ध बोलते. हे खोडसाळपण नव्हे, हे जवळ बसणाऱ्याने ओळखावे. अशा वेळी ते शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन लहान चमचे साखर, म्हणजे 15 ग्रॅम, पाण्यात विरघळवून पाजावी. पेढा किंवा चॉकलेट देऊ नये, त्यातील स्निग्धामुळे साखर सावकाश चढते. त्याला एकटे सोडू नये, घरी एकटे पाठवू नये. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. अजूनही कमी असेल तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी, आणि बरे वाटल्यावर भाकरी, पोळी असे काही खावयास द्यावे. मूल बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नये. त्याला एका कुशीवर वळवून निजवावे आणि 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.